झिम्बाब्वेचा चापुंगू गरुड: शाळेच्या फलकावर नेमकं काय लिहायचं?

वाचनकट्टा_खानापूर

नमस्कार मंडळी. ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहासाठी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत 'लोकांच्या श्रद्धेतले पक्षी' असं छोटं प्रदर्शन मांडायचं ठरलंय. मोर, कावळा, भारद्वाज आणि धनेश हे चार फलक आपल्याकडचे. पाचवा फलक परदेशातल्या पक्ष्याचा. त्यासाठी झिम्बाब्वेच्या शोना लोकांचा 'चापुंगू' घेतलाय, कारण सातवी-आठवीच्या मुलांनी तो त्या देशाच्या झेंड्यावर पाहिलेला आहे. फलक चार फूट बाय तीन फूट, मजकूर जास्तीत जास्त दोनशे शब्द.

आत्ताचा कच्चा मजकूर असा आहे: "चापुंगू हा शोना लोकांचा पवित्र गरुड. विष्णूच्या गरुडाप्रमाणे तो त्यांच्या देवाचं वाहन आहे. झिम्बाब्वेच्या ध्वजावर त्याचंच चित्र असते."

छापायला देण्याआधी चार गोष्टी तपासून हव्यात. चापुंगू म्हणून दोन अगदी वेगळी चित्रं मिळतायत, एकात काळा पक्षी आणि लालभडक तोंड, दुसऱ्यात पांढरं डोकं आणि तांबूस अंग. खरा कुठला? शोना लोक त्याला नेमकं काय मानतात, 'देवाचं वाहन' हे बरोबर आहे का? त्या दगडी पक्ष्याची प्रतिकृती मुलांकडून शाडूत करून घ्यायची आहे, तिचं माप काय धरावं? आणि आपल्या भागात त्याचा कोणी नातेवाईक आहे का, म्हणजे मुलांना आकाशात दाखवता येईल असा?

जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

रानवाटा_जांबोटी

दोन्ही चित्रं खरी आहेत, पण पक्षी दोन आहेत. काळ्या अंगाचा, लाल तोंडाचा तो चापुंगू. इंग्रजीत त्याला बॅटेलर ईगल म्हणतात, शास्त्रीय नाव टेराथोपियस एकॉडेटस. पांढऱ्या डोक्याचा तो हुंग्वे, म्हणजे आफ्रिकेतला मत्स्यगरुड. आपल्याकडे गोंधळ लवकर होतो, कारण पांढरं डोकं आणि विटकरी अंग म्हटलं की डोळ्यांसमोर ब्राह्मणी घार येते, आणि कर्नाटकात पुष्कळ जण तिलाच गरुड म्हणून हात जोडतात. हुंग्वेचं चित्र बघून 'हाच तो' असं वाटणं साहजिक आहे. पण फलकावर चापुंगू लिहून खाली हुंग्वेचा फोटो लागला तर सगळा फलकच चुकला.

आता चित्र काढणाऱ्या मुलांसाठी तपशील देतो.

पूर्ण वाढलेल्या चापुंगूची लांबी साधारण ५५ ते ७० सेंटीमीटर, पसरलेले पंख पावणेदोन मीटरच्या आसपास, वजन दोन ते तीन किलो. डोकं, मान आणि पोट काळंभोर, पाठ विटकरी. तोंडाची उघडी कातडी आणि पाय लाल. डोक्यामागची पिसं फुगवली की मान जाडजूड दिसते. शेपूट इतकी तोकडी की उडताना पायांची बोटं तिच्याही मागे येतात. मुलं नेमकी इथंच चुकतात. गरुड म्हटला की हात आपोआप लांब पंखा-शेपूट काढतो आणि चित्र दुसऱ्याच पक्ष्याचं होतं. शेपूट जवळजवळ नाहीच असं समजून काढायला सांगा.

नर-मादी खालून ओळखता येतात. दोघांच्या पंखांचा आतला भाग पांढरा. नराच्या पंखाच्या मागच्या कडेला रुंद काळा पट्टा, मादीचा पट्टा अगदी बारीक. बसलेली मादी असेल तर मिटलेल्या पंखावर राखाडी पट्टा दिसतो, नराचा तेवढा भाग काळाच. पिल्लू सगळं तपकिरी, शेपूट मोठ्यांपेक्षा लांब, तोंडावर लाल रंग नाही. मोठ्यांचा पूर्ण पेहराव यायला सहा ते आठ वर्षं लागतात. म्हणून 'चापुंगूचं पिल्लू' असा तपकिरी पक्ष्याचा फोटो मिळाला तर तो चुकीचा समजून टाकून देऊ नका.

उडण्याची तऱ्हा फलकावर यायलाच हवी. पंख लांब आणि शेपूट नाही, त्यामुळे तोल सांभाळायला तो सतत एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलत जातो, दोरावर चालणारा डोंबारी हातातली काठी कलवतो तसा. दिवसाचा बराचसा वेळ हवेतच, आणि तोही फार उंचावर नाही, माणसाला स्पष्ट दिसेल इतक्या खालून. माझ्या मते तो लोकांच्या श्रद्धेत इतका खोल शिरला त्याचं हे एक कारण असावं. डोक्यावरून खालून जाणारा, न चुकता ओळखू येणारा पक्षी आहे तो.

नातेवाईक म्हणाल तर चापुंगू सर्पगरुडांच्या कुळातला. त्या कुळातले दोन आपल्याकडे आहेत. बेळगावच्या पूर्वेकडच्या उघड्या माळावर सापमार गरुड एका जागी पंख फडफडवत खाली टक लावून थांबलेला दिसतो. जांबोटी-कणकुंबीच्या रानात तुरेवाला सर्पगरुड, त्याची लांबट शीळ आधी ऐकू येते. मुलांना दुसरा दाखवणं सोपं. डोळ्याभोवतीची आणि चोचीच्या मुळाशी असलेली पिवळी कातडी बघायला सांगा, चापुंगूत तीच जागा लाल असते. हुंग्वेचा नातेवाईक हवा असेल तर तो कारवार-मालवणच्या किनाऱ्यावरचा पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड.

---

ओवी_निपाणी

'विष्णूच्या गरुडाप्रमाणे देवाचं वाहन' हे वाक्य काढून टाका. शोना परंपरेत चापुंगूवर कोणी बसत नाही. तो निरोप आणतो, आणि तोही मुख्यतः पूर्वजांचा.

मांडणी अशी आहे. सगळ्यांच्या वर म्वारी, सृष्टीचा कर्ता. पण रोजच्या अडीअडचणी घेऊन कोणी थेट म्वारीकडे जात नाही. मधे वाडवडील असतात. घरातल्या गेलेल्या माणसाचा आत्मा तो मुद्झिमू, अनेक असले की वाद्झिमू. ते घराची राखण करतात, आणि दुर्लक्ष झालं तर आजारपण किंवा भांडणातून आठवण करून देतात असं मानतात. त्याहून मोठा म्होंदोरो, म्हणजे जुन्या राजाचा आत्मा. पाऊस, जमीन, मुलखाचं भलंबुरं त्याच्या हाती. हे आत्मे ज्या माणसाच्या तोंडून बोलतात तो, किंवा ती, स्विकिरो. या सगळ्या साखळीत वरची खबर खाली आणणारा पक्षी म्हणजे चापुंगू. एखादा विधी चालू असताना तो वरून घिरट्या घालून गेला तर वाडवडील आले, त्यांना मान्य आहे, असा अर्थ घेतात. त्याला मारणं निषिद्ध.

मुलांना समजावायला आपल्याकडची तुलना हवीच असेल तर गरुड नको, कावळा घ्या. दहाव्याला पिंडाला कावळा शिवतो की नाही याकडे सगळ्यांचे डोळे का लागलेले असतात ते या मुलांना ठाऊक आहे. गेलेल्या माणसाची इच्छा पुरी झाली की नाही हे तो पक्षी सांगतो. चापुंगूचं काम त्याच जातीचं आहे. मात्र फरकही लिहा. कावळ्याला आपण हाका मारतो, घास ठेवतो, त्याची वाट बघत बसतो. चापुंगूला कोणी बोलवत नाही की खाऊ घालत नाही, तो आपणहून येतो, आणि त्याच्या येण्याचा अर्थ प्रसंग बघून लावला जातो. अवघड प्रसंगी तो अर्थ स्विकिरोच सांगतो. म्हणून 'चापुंगू दिसला की शुभ' एवढं सरधोपट लिहू नका. तो सावधही करतो.

सावध करण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण स्वातंत्र्ययुद्धातलं. १९७० च्या दशकात गोऱ्या ऱ्होडेशियन सरकारविरुद्ध (ऱ्होडेशिया हे झिम्बाब्वेचं तेव्हाचं नाव) लढणारे गनिमी मोझांबिककडून उत्तरेच्या दांदे भागात उतरले, तेव्हा तिथल्या म्होंदोरोंच्या स्विकिरोंनी त्यांना आसरा दिला आणि नियम घालून दिले. रानातला प्राणी मारायचा नाही, ठरावीक पदार्थ खायचे नाहीत, बाईच्या नादी लागायचं नाही. त्या बदल्यात पूर्वज रानातून खुणा पाठवतील. त्या खुणांत चापुंगू पहिला. आकाशात दोन चापुंगू एकमेकांवर झेपावताना दिसले तर विमानांचा हल्ला होणार, इथून हला, असा अर्थ घेत. ज्या लोकांकडे रेडिओ आणि रडार नव्हतं त्यांच्यासाठी आकाश वाचणं हाच पहारा होता. या श्रद्धेला इतकं बळ आलं त्याला मागचा इतिहासही आहे. १८९६-९७ च्या पहिल्या उठावात न्येहांदा या म्होंदोरोची स्विकिरो असलेल्या चार्वे या बाईला इंग्रजांनी १८९८ मध्ये फाशी दिलं, आणि दुसरा लढा तिच्या नावानंच उभा राहिला.

हुंग्वेचं स्थान वेगळं आहे, तेही दोन ओळींत द्या, म्हणजे वरचा फोटोंचा गोंधळ कायमचा मिटेल. हुंग्वे हा मुतुपो आहे. मुतुपो म्हणजे थेट आपलं देवक. सिंह, हत्ती, माकड, मत्स्यगरुड असे प्राणी कुळाची खूण असतात, बापाकडून मुलाकडे येतात. आपल्या मुतुपोचा प्राणी खायचा नाही आणि त्याच मुतुपोत सोयरीक करायची नाही. साळुंख्यांचं साळुंकीचं पीस, मोऱ्यांचं मोराचं पीस, एकच देवक निघालं की लग्न मोडतं, हे आपल्या सीमाभागातल्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. फरक इतकाच की आपलं देवक लग्नाच्या मांडवातच बाहेर येतं, त्यांचा मुतुपो रोजच्या नमस्कारात असतो. माणसाला मानानं हाक मारायची तर कुळाच्या प्राण्याचं नाव घेऊन मारतात. तेव्हा हुंग्वे एका कुळाचा, चापुंगूचा मान एका कुळापुरता नाही.

आणखी एक धागा खानापूरच्या मुलांना फार जवळचा वाटेल. मरणानंतर काही महिन्यांनी, बहुधा वर्षाच्या सुमारास, 'कुरोवा गुवा' नावाचा विधी करतात. भटकणाऱ्या आत्म्याला घरी आणून वाडवडिलांत बसवायचं, असा त्याचा हेतू. त्यासाठी जे पेय लागतं ते झ्वियोचं करतात, आणि झ्वियो म्हणजे आपली नाचणी. धान्य आफ्रिकेतूनच हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आलं. नाचणी भिजवून मोड आणायचे, उन्हात वाळवायची, दळायची, पिठाबरोबर शिजवून निववायची आणि आंबू द्यायची. सगळं मिळून बऱ्याच दिवसांचं काम. मोड कमी आले तर गोडवा उतरत नाही आणि आंबणं नीट धरत नाही, म्हणून मोड आणणाऱ्या जाणत्या बाईचा मान मोठा. मोड आणून वाळवण्यापर्यंतची कृती आपल्या नाचणीसत्त्वाचीच बघा की. शाळेत मद्याचा उल्लेख नको असेल तर 'नाचणीचं आंबवलेलं पेय पूर्वजांना वाहतात' एवढं पुरे.

शेवटी एक काळजी घ्या. 'शोना लोक मानतात' असं सरसकट न लिहिता 'शोना परंपरेत मानतात' लिहा. आज तिथले बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. काहींच्या घरी दोन्ही चालतं, काहींनी जुनं पूर्ण सोडलंय.

---

वाचनकट्टा_खानापूर

खूप धन्यवाद, दोघांचेही. कावळ्याचा फलक आहेच, चापुंगूचा त्याच्या शेजारी टांगतो. एक अडचण उरते. झेंड्यावरचा पक्षी मग चापुंगू की हुंग्वे? मुलं पहिला प्रश्न हाच विचारणार.

---

दगडमाती_येळ्ळूर

झेंड्यावर आहे तो कुठलाही जिवंत पक्षी नाही, दगडाचा पक्षी आहे. फलकावर तसंच लिहा: 'ग्रेट झिम्बाब्वे इथे सापडलेल्या दगडी शिल्पातला पक्षी'. आजचा झेंडा १८ एप्रिल १९८० ला देश स्वतंत्र झाला तेव्हापासूनचा. पांढरा त्रिकोण, त्यात लाल तारा, ताऱ्यावर सोनेरी पक्षी. बाजूचे सात पट्टे वरून खाली हिरवा, पिवळा, लाल, काळा, लाल, पिवळा, हिरवा. मुलं काळा पट्टा हमखास कडेला काढतात, तो मधोमध आहे.

आता शिल्पाविषयी. मस्विंगो गावाजवळ ७२२ हेक्टरांवर हे दगडी नगर पसरलेलं आहे. अकराव्या ते पंधराव्या शतकातलं, शोनांच्या पूर्वजांनी बांधलेलं. ग्रॅनाइटचे घडीव दगड चुना-मातीशिवाय नुसते रचून उभ्या केलेल्या भिंती, मोठ्या वाड्याची बाहेरची भिंत काही ठिकाणी ११ मीटर उंच, घेर सुमारे २५० मीटर. राजहंसगडाची तटबंदी पाहिलेल्या मुलांना विचारा, चुना न वापरता एवढी उंची कशी टिकली असेल? उत्तर रचनेत आहे. भिंत पायाशी खूप रुंद आणि वर निमुळती, प्रत्येक थर जरासा आत सरकवलेला.

दगडी पक्षी आठ मिळाले. बहुतेक टेकडीवरच्या पूर्वेच्या आवारात, जे विधीचं ठिकाण असावं असं मानतात. झेंड्यावरचा मात्र खाली खोऱ्यात सापडला. दगड शंखजिऱ्याच्या जातीचा, हिरवट राखाडी, मऊ. बेलूर-हळेबिडूची बारीक नक्षी ज्या जातीच्या दगडात झाली त्याच जातीचा. पक्षी साधारण ४० सेंटीमीटर उंच, आणि ज्या खांबावर तो बसलाय तो ९० सेंटीमीटरहून जास्त. पक्षी आणि खांब एकाच दगडात कोरलेले. खोऱ्यातल्या पक्ष्याच्या खांबावर एक मगर वर चढताना दाखवली आहे.

चापुंगू की हुंग्वे हा वाद अभ्यासकांत जुना आहे. आखूड शेपटी आणि निरोप्याची भूमिका बघून काही चापुंगू म्हणतात. हुंग्वे हे तिथल्या जुन्या कुळाचं चिन्ह, म्हणून काही मत्स्यगरुड म्हणतात. माझं मत विचाराल तर शिल्प नीट बघितल्यावर दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. काही पक्ष्यांना चोचीऐवजी ओठ आहेत, नख्यांऐवजी माणसासारखी बोटं आहेत. ज्या कारागिरानं एवढ्या सफाईनं मगर कोरली त्याला चोच कोरता येत नव्हती असं नाही. त्याला माणूस आणि पक्षी एकत्र दाखवायचे होते, म्हणजे पक्षीरूपातला राजपूर्वज. वर ओवीताईंनी सांगितलेल्या म्होंदोरोच्या कल्पनेशी हे अगदी जुळतं. म्हणून मुलांना 'दोन्ही मतं आहेत आणि शिल्पाला माणसाचे अवयव आहेत' हेच सांगा. त्यांना फोटोत ओठ आणि बोटं शोधायला लावा, फलकापुढे पाच मिनिटं खिळून राहतील.

हे पक्षी गेले कुठे, हाही भाग गाळू नका. १८८९ मध्ये विली पोसेल्ट नावाच्या शिकाऱ्यानं एक पक्षी खांबावरून तोडून नेला आणि तो सेसिल ऱ्होड्सला, म्हणजे ज्याच्या नावावरून ऱ्होडेशिया झाला त्या इंग्रज वसाहतवाल्याला, विकला गेला. १८९१ मध्ये थिओडोर बेंट या इंग्रज संशोधकानं आणखी काही केप टाउनला नेले. एका पक्ष्याचा खालचा तुकडा १९०७ मध्ये बर्लिनच्या संग्रहालयात पोचला, दुसऱ्या महायुद्धानंतर रशियन सैन्यानं उचलला, पुन्हा जर्मनीत आला आणि २००३ मध्ये घरी परतून वरच्या अर्ध्या भागाला जोडला गेला. केप टाउनच्या संग्रहालयातले पक्षी १९८१ मध्ये परत मिळाले, त्या बदल्यात झिम्बाब्वेनं मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह दिला. ऱ्होड्सच्या घरातला पक्षी त्या वेळी परतला नाही. पक्षी घरी येईपर्यंत देशाला स्वास्थ्य नाही, ही भावना तिथल्या लोकांत खोल आहे, आणि चापुंगू म्हणजे काय हे कळल्यावर ती समजते. पूर्वजांचा निरोप आणणाराच परमुलखात कोंडलेला होता.

गोऱ्या वसाहतवाल्यांनी हे नगर आफ्रिकी लोकांनी बांधलं हे अनेक वर्षं मानायलाच नकार दिला. फिनिशियन, अरब, कोणाचंही नाव पुढे केलं. १९०५ मध्ये पुरातत्त्वज्ञ रँडल-मॅकायव्हरनं आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या बाईंनी उत्खनन करून ते आफ्रिकी लोकांचंच काम असल्याचं दाखवलं, तरी ऱ्होडेशियन सरकार जुनीच कथा चालवत राहिलं. त्याच उत्खननांत भारतीय काचमणीही मिळाले. तिकडचं सोनं पूर्व किनाऱ्यावर, तिथून गलबतांतून हिंदी महासागर ओलांडून पुढे, आणि परतीच्या वाटेनं मणी आणि कापड, असा व्यापार होता. आपल्या पश्चिम किनाऱ्याशी असलेला हा धागा एका ओळीत जरूर घ्या.

---

मूर्तिशाळा_अनगोळ

प्रतिकृतीबद्दल. नुसत्या शाडूत करू नका. ४० सेंटीमीटरचा पक्षी भरीव शाडूत केला तर जड होतो, आणि अरुंद खांबावर तो भार वाळायच्या आधीच कलतो. शिवाय आत तार किंवा लाकूड असेल तर शाडू वाळताना आकसते, आतला सांगाडा आकसत नाही, आणि मान व पाय नेमके तिथेच तडकतात. गणपती बसलेला असतो, त्याचा भार खाली पसरलेला असतो, म्हणून तिथे हे भागतं. हा पक्षी उभा आहे.

खांबाला चार इंची पीव्हीसी पाइप ९५ सेंटीमीटर कापून घ्या. तळाला ४५ बाय ४५ सेंटीमीटरची १८ मिलिमीटर जाडीची प्लायवुडची फळी. पाइपच्या आत बसेल असा लाकडी गोल ठोकळा फळीला खालून स्क्रूनं कसा, त्यावर पाइप बसवून बाजूनं चार स्क्रू मारा. पाइपचा खालचा तिसरा हिस्सा कोरड्या वाळूनं भरा. वाळू भरली नाही तर गर्दीत एका धक्क्यात आडवा होईल. खरे खांब पाइपसारखे गुळगुळीत गोल नाहीत, तेव्हा वरून लगद्याचा ओबडधोबड थर द्यायचाच आहे.

पक्ष्याचा गाभा वर्तमानपत्राच्या बोळ्यांचा, सुतळीनं आवळून बांधलेला. मधून एक जाड तार खाली पाइपात वीतभर उतरवा. लगद्यासाठी एक किलो रद्दी बारीक फाडून दोन दिवस भिजवा, वाटा, पिळून काढा. त्यात साधारण अर्धा किलो चॉक पावडर आणि मावेल तेवढी चिंचोक्याची खळ. हातात दाबल्यावर बोटांतून पाणी न येता गोळा एकसंध राहिला की झालं. खळीत चिमूटभर मोरचूद घाला म्हणजे बुरशी आणि कसर लागत नाही, पण मोरचूद विषारी असतो, ते काम मोठ्यांनी हातमोजे घालून करायचं आणि मुलांना हातमोज्यांशिवाय लगदा हाताळू द्यायचा नाही. नाहीतर मोरचूद घालूच नका, आठवड्याच्या प्रदर्शनाला त्याच्याविना चालतं.

थर एका वेळी एक सेंटीमीटरपेक्षा जाड नको. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि आठवड्यानं वास सुटतो. ऑक्टोबरअखेरच्या हवेत सावलीत तीन-चार दिवस, मग दुसरा थर. चटचट वाळावं म्हणून उन्हात ठेवलं की एक बाजू ओढली जाते आणि मान फिरते. दोन थर झाले की शाडू आणि बारीक लगदा समप्रमाणात कालवून दोन-तीन मिलिमीटरचा शेवटचा हात, याच थरात कोरीवकाम. म्हणजे एकूण दहा-बारा दिवस धरा, दिवाळीच्या सुट्टीआधी सुरू करा.

घडण अशी. पक्षी ताठ उभा, पंख मिटून अंगाशी घट्ट, छाती पुढे, मान उंच. पंख पसरायचे नाहीत, मुलं पसरवतातच. पाय जाड आणि आखूड, बोटं माणसासारखी. मगर खांबाच्या दर्शनी बाजूला, तोंड वर पक्ष्याकडे. ती आधी वेगळी करून चिकटवू नका, वाळल्यावर सुटते. खांबाचा थर ओला असतानाच दाबून उठवा.

रंगाला तेलरंग नको, चकाकतो. पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये काजळी आणि अगदी थोडा हिरवा. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि वरून शंखजिऱ्याची पूड मऊ कापडानं चोळा. तीच पूड, त्याच दगडाची. हाताला जो साबणासारखा बुळबुळीत स्पर्श लागतो तो मूळ दगडाचा स्पर्श आहे. मुलांना हात लावू द्या.

---

रानवाटा_जांबोटी

फलकावर जागा उरली तर आजची परिस्थिती घालाच. २०२० पासून जागतिक यादीत चापुंगू 'धोक्यात' या वर्गात आहे. मुख्य कारण विष. कोल्हे-बिबटे गुरं मारतात म्हणून पाळीव जनावरांचे मालक मांसात कीटकनाशक घालून टाकतात. चापुंगू मेलेलंही खातो, आणि खालून उडत मोठा मुलूख धुंडाळत असल्यामुळे लहानसा तुकडाही त्याला गिधाडांच्या आधी दिसतो. म्हणून विषारी आमिषावर पहिला तोच उतरतो. वीण अगदी सावकाश: एकच अंडं, सुमारे ५५ दिवस उबवणं, पिल्लू घरटं सोडायला आणखी साडेतीन-चार महिने, आणि जोडी बांधायच्या वयाला येईपर्यंत कित्येक वर्षं. एक जोडी गेली की ती जागा भरून यायला फार काळ लागतो. परंपरेतली मनाई नेमबाजापासून त्याला वाचवते, आमिषापासून नाही, कारण आमिष टाकणाऱ्यानं चापुंगूवर नेम धरलेलाच नसतो.

हे मुलांना सहज पटेल. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन आपली गिधाडं गेली, तिथंही त्यांना मारायचा हेतू कोणाचाच नव्हता.

---

वाचनकट्टा_खानापूर

मजकूर नव्यानं लिहून काढतोय. प्रतिकृतीच्या वर छताला खऱ्या मापाचा उडता चापुंगू टांगावा असा विचार आहे. पुठ्ठ्यात जमेल का?

---

मूर्तिशाळा_अनगोळ

साधा पुठ्ठा पावणेदोन मीटरला मधे वाकतो. पाच मिलिमीटरचा फोम बोर्ड घ्या, पाठीवर बांबूची एक कामटी टोकापासून टोकापर्यंत चिकटवा. दोन दोऱ्या पंखांच्या मधल्या भागाला, डावी दोरी उजवीपेक्षा दीड वीत आखूड. म्हणजे पक्षी एका कुशीवर कललेला टांगेल. बघणारे खाली उभे राहणार, तेव्हा खालची बाजू आधी रंगवा, पोट काळं, पंखांचा आतला भाग पांढरा. नर करायचा असेल तर मागच्या कडेचा काळा पट्टा चांगला वीतभर रुंद ठेवा.